मालिकेतला लातूर पॅटर्न

लातूरच्या पोराला दहावीनंतर काय करायचं हे फारसं विचारावं लागत नाही. रस्ता आखलेलाच असतो. शाहू नाहीतर दयानंदला ॲडमिशन, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. बारावीनंतर डॉक्टर किंवा इंजिनीअर. नांदेडमध्येही आता तेच. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली पोरं खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात आणि दोन वर्षं मान वर करत नाहीत. मीही त्याच घाण्यातून निघालोय, त्यामुळे ह्या पॅटर्नला नावं ठेवायचा मला पूर्ण अधिकार आहे :) पण त्याची एक गोष्ट मान्य करायला हवी. क्लासवाले तुमचा फोटो चौकातल्या बॅनरवर लावतील, त्या फोटोच्या जिवावर पुढच्या वर्षी फी वाढवतील, तरी मार्कलिस्टवर नाव तुमचंच असतं. ती घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता.

खाजगी मराठी चॅनल आल्यापासून, म्हणजे गेल्या पंचवीसेक वर्षांत, मालिकांसाठी नवे चेहरे घडवण्याचाही असाच एक पॅटर्न तयार झालाय. तो निर्माते आणि चॅनलवाले चालवतात. तिथेही बॅनर लागतो, तिथेही फोटो छापतात. मार्कलिस्ट मात्र कपाटात राहते आणि कपाटाची किल्ली नटाकडे नसते. तर आजचा विषय हाच, की विशीतल्या नटाचं करिअर निर्माता किती घडवतो, आणि घडवल्यावर ते शेवटी कुणाचं होतं.

आधी मालिका बनते कशी ते थोडक्यात. चॅनलला एका स्लॉटसाठी गोष्ट हवी असते. निर्माता गोष्ट घेऊन जातो, किंवा चॅनलच त्याला काय हवं ते सांगतं. ठरलं की चॅनल दर एपिसोडमागे ठराविक रक्कम देतं आणि बहुतेक वेळा मालिकेचे, पात्रांचे हक्क चॅनलकडे जातात. त्या रकमेत सेट, कॅमेरा, जेवण, लेखक, नट सगळं बसवून जे उरेल ते निर्मात्याचं. हिरो-हिरॉइनसाठी ऑडिशन, मग लूक टेस्ट, मग मॉक शूट आणि शेवटी चॅनलचा होकार. नवा चेहरा घेण्यात दोघांचाही फायदा. तो स्वस्त पडतो, महिन्यातले वीस-पंचवीस दिवस देऊ शकतो आणि प्रेक्षकाच्या मनात त्याची आधीची काही ओळख नसते.

मग प्रोमो सुरू होतात. काल ज्याला घरमालक भाड्यासाठी फोन करत होता, त्याचा चेहरा आज एसटी स्टँडसमोरच्या होर्डिंगवर. ते होर्डिंग पुढच्या वेळी नीट बघा. मालिकेचं नाव असतं, वेळ असते, चॅनलचा लोगो असतो. नटाचं नाव शोधून दाखवा! आमच्या आईला हार्दिक जोशी कोण हे सांगावं लागतं, पण राणादा म्हटलं की ती 'तुझ्यात जीव रंगला'ची २०१६ पासून २०२१ पर्यंतची सगळी गोष्ट सांगते. 'जय मल्हार'च्या वेळी तर, म्हणजे २०१४ ते २०१७ मध्ये, माळेगावच्या खंडोबाचं नाव निघालं तरी आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे देवदत्त नागेचा चेहरा यायचा. एवढी लोकप्रियता फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण ती पात्राच्या नावावर जमा होते, आणि पात्र नटाच्या मालकीचं नसतं.

ह्याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया. २०१८ मध्ये रसिका सुनील बाहेर पडली, ईशा केसकर आली, २०२० मध्ये पुन्हा रसिका आली. शनाया मात्र एक दिवसही सुट्टीवर गेली नाही. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये २०२५ च्या सुरुवातीला तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे आली आणि मालिका पुढे चालू राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूलचा ओनर बदलला, मॉड्यूल चालू. ह्यात गैर काही नाही, रोज अर्धा तास दाखवायचा म्हणजे एवढी सोय लागणारच. मुद्दा इतकाच की मालिका नटाला बदलण्याची तयारी ठेवते, तशी नटानेही मालिकेनंतरची तयारी ठेवायला हवी. आणि ती तयारी करण्याइतका वेळ, पैसा आणि मोकळीक त्याला मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

आता निर्मात्यांची बाजू. सगळे निर्माते नट वापरून फेकून देतात असं म्हणणं साफ चूक आहे. श्वेता शिंदे स्वतः अभिनेत्री. त्यांच्या वज्र प्रॉडक्शनची 'लागिरं झालं जी' २०१७ मध्ये आली, साताऱ्याकडच्या मातीतली. त्यात किरण गायकवाड भैय्यासाहेब होता, म्हणजे खलनायक. २०२० मध्ये त्याच निर्मात्यांनी 'देवमाणूस'मध्ये अख्खी मालिका त्याच्या खांद्यावर दिली. वाईच्या डॉक्टरच्या खुनांच्या प्रकरणावरून सुचलेली गोष्ट, आणि मुख्य पात्रच खुनी. असं पात्र ओळखीच्या हिरोला देण्यापेक्षा आपल्याच मालिकेतल्या दुसऱ्या फळीतल्या नटाला देणं ह्याला नजर लागते. 'लागिरं'चा हिरो नितीश चव्हाण, तो २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या 'लाखात एक आमचा दादा'मध्ये चार बहिणींचा भाऊ म्हणून पुन्हा मुख्य भूमिकेत आला. मला हे करिअर घडवणं वाटतं. नटाला दुसऱ्यांदा बोलावलं आणि पहिल्यापेक्षा वेगळं काम दिलं.

दुसरा प्रकार कोठारे व्हिजनचा. 'सुख म्हणजे नक्की काय असतं' २०२० ते २०२४ चालली, गिरिजा प्रभू आणि मंदार जाधव. ती संपली आणि २०२५ मध्ये त्याच निर्मात्यांनी, त्याच चॅनलवर, तीच जोडी 'कोण होतीस तू, काय झालीस तू'मध्ये आणली. नटांच्या बाजूने बघितलं तर काम सलग मिळालं, आणि ह्या धंद्यात सलग काम ही चैनीची गोष्ट आहे. निर्मात्याच्या बाजूने बघितलं तर चालणारं समीकरण पुन्हा वापरलं. प्रेक्षक खूश. पण नटाचं जग एक संस्था आणि एक चॅनल एवढ्यापुरतं लहान होण्याचा धोका त्यात असतोच.

हे असं फक्त आपल्याकडे चालतं असं नाही. चिनी मालिका बघणारे आपल्या ऑफिसातही निघतात हल्ली, त्यांना हे ओळखीचं वाटेल. २०१८ मध्ये 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' नावाची सत्तर भागांची मालिका तिकडे तुफान चालली. निर्माता यू झंग. नायिका वू जिनयान तोवर फारशी कुणाला माहीत नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच निर्मात्याची 'द लेजेंड ऑफ हाओलान' आली, त्यात पुन्हा वू जिनयान आणि यानशीतला बादशहा झालेला न्ये युआन. अगदी आपल्या कोठारेंसारखं. फरक पुढे आहे. वू जिनयान यू झंगच्या कंपनीतच करारबद्ध होती. म्हणजे निर्माता, एजंट आणि मॅनेजर एकच. ती कोणती मालिका करणार, कोणती जाहिरात करणार, ह्या सगळ्यात त्याचा शब्द.

ऐकायला भयंकर वाटतं, आणि कधीकधी असतंही. तांगरेन नावाच्या चिनी कंपनीचा आणि तिच्या जियांग जिनफू ह्या तरुण नटाचा करारावरून वाद कोर्टात गेला होता. पण त्याच तांगरेनची दुसरी गोष्ट ऐका. त्यांचा हू ग नावाचा नट २००६ च्या ऑगस्टमध्ये एका भीषण अपघातात सापडला, चेहऱ्याला मोठी इजा झाली. त्यांची मोठी मालिका अर्ध्यात होती. कंपनीने त्याच्या जागी दुसरा उभा केला नाही. काम थांबवलं, वाट बघितली, तो बरा झाल्यावर मालिका पुरी केली आणि २००८ मध्ये ती दाखवली. पुढे हू ग चीनच्या टीव्हीवरच्या सगळ्यात मोठ्या नटांपैकी एक झाला. दहा वर्षांसाठी ज्याच्यावर पैसा लावलाय त्याची वाट बघणं परवडतं. मालकीबरोबर थोडी जबाबदारीही येते ती अशी.

आपल्याकडे अर्धाच व्यवहार आहे, असं माझं मत. मालिका चालू असेपर्यंत नटावर बंधनं जवळपास तशीच, आणि ती संपली की जबाबदारी शून्य. महिन्याचे वीस-पंचवीस दिवस, रोजचे बारा तास, ठाण्याला घोडबंदर रोडच्या पुढे नाहीतर मढला सेट, म्हणजे जाण्यायेण्याचे दोन-तीन तास वेगळे. पैसे 'पर डे' हिशेबाने, आणि ते साधारण नव्वद दिवसांनी हातात. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरात. पगार एक तारखेऐवजी तीनला आला तर आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर काय गदारोळ होतो ते आठवा! फेब्रुवारी २०२१ मध्ये 'हे मन बावरे'च्या कलाकारांनी थकलेल्या मानधनाबद्दल सोशल मीडियावर उघडपणे लिहिलं होतं. निर्मात्यांनी नुकसान झाल्याचं सांगून वेळ मागितला. ती सगळी नावाजलेली, वर्षानुवर्षं काम केलेली मंडळी होती. त्यांना जाहीर लिहावं लागलं, तर पहिलीच मालिका करणारा पोरगा कुणाला सांगणार?

आणि मराठी माणसाला हे सगळं नवीन आहे असं समजू नका. आपल्याकडेही पूर्वी चिनी पद्धत होती! प्रभात फिल्म कंपनी, १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर. कंपनीने कित्येकांना घडवलं हे खरंच. पण शांता आपटे, 'कुंकू'ची नायिका, त्या काळची प्रचंड लोकप्रिय गायिका-अभिनेत्री, १९३९ मध्ये करार आणि पगाराच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. हिरॉइन स्टुडिओच्या दारात उपाशी! पुढच्याच वर्षी तिने पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'जाऊ मी सिनेमात?'. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका नटीने विचारलेला प्रश्न आजही नांदेड-लातूरची पोरं विचारतात, फक्त सिनेमाच्या जागी मालिका आली.

आता मराठवाड्याकडे वळतो, कारण हा लेख लिहावासा वाटला तो तिथल्या एका मित्रामुळे. नांदेडचा. त्याने स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं, युवक महोत्सव गाजवले, मग नंदीग्राम पकडून मुंबई. तिथे त्याला पहिल्यांदा कळलं की त्याची भाषा 'चालत नाही'. 'कामून' म्हटलं की समोरचे हसतात. 'काय करायलास' म्हटलं की कास्टिंगवाला विचारतो, भाऊ, विदर्भातला का? शहरी रोलसाठी पुणेरी बोल, आणि गावाकडचा रोल असेल तर कोल्हापुरी बोल. मालिकांच्या नकाशावर गाव म्हणजे कोल्हापूर, सातारा, सांगली, फार तर मालवण. 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकेमुळे नागपूर आलं. लातूरची किंवा नांदेडची बोली तोंडात असलेला हिरो प्राइम टाइमला माझ्या तरी पाहण्यात नाही. मराठवाड्यात नट नाहीत म्हणावं तर तेही खोटं. औरंगाबादच्या 'जिगीषा'तून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी पुढे आले. दूरदर्शनची 'दामिनी' झालेली प्रतीक्षा लोणकर औरंगाबादचीच. मकरंद अनासपुरे, संदीप पाठक ही नावं तर घराघरांत आहेत. पण ह्यातले बरेचसे नाटकातून घडले. मालिकेच्या निर्मात्याने मराठवाड्यातून कोरा पोरगा उचलला आणि त्याच्याच बोलीसकट त्याला हिरो केलं, हे व्हायचं बाकी आहे.

इथे कुणीतरी म्हणणारच, 'अरे, आपला रितेश आहे की!' आहे ना. आणि त्याचा अभिमानही आहे. पण त्याची गोष्ट नीट बघा. २००३ च्या जानेवारीत 'तुझे मेरी कसम' आला, रामोजी रावांच्या उषाकिरण मूव्हीजचा. रामोजी राव म्हणजे नुसता सिनेमाचा निर्माता नव्हे. हैदराबादेत स्वतःची फिल्म सिटी, 'ईनाडू' पेपर, २००० पासून ई टीव्ही मराठी चॅनल. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या साधारण निम्म्या अंतरावर, तरी तिकडे जाऊन हिरो व्हावं असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते असो. रामोजींनी रितेश आणि जेनेलिया असे दोन नवे चेहरे एकदम आणले. संधी मोठीच होती. पण सिनेमा लागला तेव्हा वडील मुख्यमंत्री होते. पुढची संधी येईपर्यंत थांबण्याची ताकद घरात होती. रितेशने पुढे वीस वर्षं टिकून दाखवलं ते त्याचं कर्तृत्व, त्याबद्दल वाद नाही. नंतर तो स्वतः निर्माता झाला आणि २०१३ च्या 'बालक पालक'मधून प्रथमेश परबसारखा पोरगा पडद्यावर आणला, हेही त्याच्या खात्यात जमा. मी एवढंच म्हणतोय की निर्माता पहिली संधी देतो, पण दुसऱ्या संधीपर्यंतचं भाडं घरचे भरतात. ज्याच्या घरी ते भरायची सोय नाही, तो समोर येईल त्या कागदावर सही करतो.

माझ्या मित्रापुढे असाच एक कागद आला, आणि इंजिनीअर माणूस सगळं वाचतो अशा समजुतीने त्याने तो मला पाठवला. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. मी वकील नाही, पण सॉफ्टवेअरच्या करारांतली कलमं वाचून वाचून डोळे तयार झालेत. मुदत तीन वर्षं. संस्था पंधरा दिवसांच्या नोटिशीवर त्याला काढू शकते, तो मात्र मुदतीआधी सुटू शकत नाही. महिन्याला किमान किती दिवस काम देणार त्याचा उल्लेख नाही. म्हणजे ट्रॅक बदलला आणि पात्र महिनाभर 'परगावी' गेलं, तर त्या महिन्यात पैसे शून्य, आणि दुसरीकडे काम करायचीही मनाई! गणपतीत दुकानाचं उद्घाटन केलं, दहीहंडीला हजेरी लावली, तर त्यातही टक्केवारी. आणि सगळ्यात शेवटी, मुदत संपल्यावर सहा महिने दुसऱ्या मालिकेत दिसायचं नाही.

हे शेवटचं कलम वाचून मला श्रीरामपूरचा झहीर खान आठवला. थांबा, संबंध आहे. झहीरने २००० मध्ये एका जाहिरात-व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात अट अशी, की करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाकडे जाण्याआधी आमच्यापुढे प्रस्ताव ठेवायचा, आम्ही तेवढेच पैसे दिले तर आमच्याकडेच राहायचं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने कंपनीला नकार दिला. आधार, भारतीय करार कायदा १८७२, कलम २७. करार संपल्यावर माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारी अट रद्दबातल. करार चालू असतानाची बंधनं वेगळी. ती कोर्ट सहसा मानतं. २०२५ मध्येच एका सरकारी बँकेची 'तीन वर्षांआधी सोडलं तर दोन लाख भरा' ही अट सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली. बाँडवर सही केलेल्या आपल्या आयटीतल्या मंडळींनी हेही लक्षात ठेवा. थोडक्यात, सहीआधी भांडायचं ते मुदतीवर आणि मुदतीतल्या अटींवर. मुदतीनंतरच्या धमकीला फार घाबरायचं कारण नाही.

अमेरिकेत हे भांडण १९४४ मध्येच निकाली लागलं. ऑलिव्हिया द हॅविलँडचा वॉर्नर ब्रदर्सशी सात वर्षांचा करार होता. ती एखादी भूमिका नाकारायची, तेव्हा स्टुडिओ तिला काही काळ बिनपगारी बसवायचा आणि तेवढे दिवस कराराच्या शेपटीला जोडायचा. म्हणजे करार कधी संपणारच नाही. ती कोर्टात गेली आणि जिंकली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, असं ठरलं. स्टुडिओवाल्यांचा धंदा त्याने बुडाला नाही. तिने मात्र पुढच्या सहा वर्षांत दोन ऑस्कर घेतले.

माझ्या मित्राने काय केलं? एका ओळखीच्या वकिलाला दाखवून चार दुरुस्त्या मागितल्या. संस्थेने मुदत दीड वर्षावर आणली, महिन्याला बारा दिवसांची हमी लिहून दिली, टक्केवारी तशीच ठेवली. त्याने सही केली. मी त्याच्या जागी असतो तर मीही केली असती. पण बघा, मागितल्यावर मिळालं. न मागितल्यावर मिळालं नसतं.

आता एक उदाहरण, ज्यात वाईट हेतू कुणाचाच दिसत नाही, तरी मला ते खटकतं. २०२४ चा 'बिग बॉस मराठी', पाचवा सीझन, सूत्रधार आपला रितेश. ६ ऑक्टोबरला बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला. गरीब घरातला, रीलमधून लोकांना माहीत झालेला पोरगा. महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्याच मंचावर चॅनलचे तेव्हाचे कार्यक्रमप्रमुख केदार शिंदे यांनी त्याला हिरो घेऊन 'झापुक झुपूक' सिनेमा जाहीर केला. सात महिन्यांच्या आत, २५ एप्रिल २०२५ ला सिनेमा लागला आणि लोकांनी पाठ फिरवली. केदार शिंदे अनुभवी दिग्दर्शक, त्यांच्या यादीत 'अगं बाई अरेच्चा' आहे, 'बाईपण भारी देवा' आहे, त्यात एक न चाललेला सिनेमा सामावून जातो. सूरजच्या यादीत हीरो म्हणून तो एकच. टीव्हीवरच्या सत्तर दिवसांच्या लाटेत नट घडत नाही, त्याला शिकायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तेवढं थांबायला लाट तयार नसते. घाई निर्मात्याच्या सोयीची होती. किंमत मात्र ज्याच्याकडे दुसरं काही नव्हतं त्याने जास्त मोजली.

मग करायचं काय? निर्माते वाईट आणि नट गरीब बिचारे, असा सिनेमा मला काढायचा नाही. निर्मात्याचा पैसाही चॅनलकडे अडकलेला असतो, टीआरपी घसरला तर तीन महिन्यांत मालिका बंद होते आणि सेटचं कर्ज डोक्यावर राहतं. जोखीम तोच घेतो. पण जोखीम घेणाऱ्याने तिची वाटणी सगळ्यात कमकुवत माणसाच्या गळ्यात टाकायची नसते. म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत.

पैसे तीस दिवसांत. चॅनल निर्मात्याला उशिरा देतं, ही सबब नटापर्यंत पोचता कामा नये. करार सोडायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी. महिन्याला किमान दिवसांची हमी, आणि ती देता येत नसेल तर त्या महिन्यात बाहेर काम करायची मुभा. होर्डिंगवर आणि प्रोमोत नटाचं नाव. हा रुपयाही खर्च नसलेला बदल आहे, आणि मार्कलिस्टवर नाव येणं म्हणतात ते हेच.

चौदाच्या आतल्या मुलांसाठी कायद्याने हे थोडंफार केलंय. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. पाळतात किती हा वेगळा विषय, पण निदान नियम आहे. अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून तोच पोरगा बारा तासांच्या शिफ्टला आणि नव्वद दिवसांच्या उधारीला लायक ठरतो.

आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीहून निघणाऱ्या मित्रमैत्रिणींना दोन शब्द. तुम्ही लातूर पॅटर्नच्या मुलखातले आहात. मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवल्याशिवाय आपण सीईटीला बसत नाही. मग तीन वर्षं आयुष्य बांधून घेणारा कागद न वाचता सही कशी करता? कागद वकिलाला दाखवा, हजार-दोन हजार जातील, जाऊ द्या. आपल्या कामाचे तुकडे शोरीलसाठी वापरायची परवानगी लेखी घ्या, मालिका संपल्यावर तीच तुमची मार्कलिस्ट. पहिल्या सहा महिन्यांच्या पैशातून पुढच्या सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढा, म्हणजे दुसरी मालिका निवडून घेता येईल. आणि 'कामून' म्हणणं सोडू नका. पुणेरी शिका, कोल्हापुरी शिका, नटाला सगळं यायला हवं. पण एखाद्या निर्मात्याला कधीतरी औसा-उदगीरकडची नाहीतर कंधार-मुखेडची गोष्ट करावीशी वाटेल, आणि तेव्हा ती बोली ज्याच्या तोंडात जिवंत असेल त्याला बदलायला दुसरा माणूस लवकर सापडणार नाही.